लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तो झेंडा: जॉर्जियाचा की कॉन्फेडरसीचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अटलांटाजवळच्या एका उपनगरात तुम्ही नुकतेच राहायला आलात. समोरच्या घराच्या ओसरीवर एक झेंडा लावलेला असतो: लाल, पांढरा, लाल असे तीन आडवे पट्टे, वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन आणि त्यात गोलाकार तारे. चौथीतल्या तुमच्या मुलीला शाळेसाठी राज्यांच्या झेंड्यांचा तक्ता करायचा आहे. ती म्हणते, हा तर आपल्या जॉर्जियाचा. ऑफिसातला सहकारी वर्णन ऐकून म्हणाला, हा कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरीसाठी अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा, त्या घरापासून लांब राहा. आणि तुमच्या स्वतःच्या डोक्यात कॉन्फेडरेट झेंडा म्हणजे लाल कापडावर निळी तिरकी फुली. मग खरं काय, आणि शेजाऱ्यांशी वागायचं कसं?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका संग्रहालयात कापडी वस्तूंची नोंद आणि जतन हे काम मी २२ वर्षं करते आहे. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो. आधी थेट उत्तर देते. ताऱ्यांच्या वर्तुळाच्या आत बघा. आत सोनेरी रंगात तीन खांब, त्यांवर कमान आणि खांबांमध्ये तलवार घेतलेला माणूस असेल, खाली ‘इन गॉड वी ट्रस्ट’ अशी अक्षरं असतील, तर तो जॉर्जिया राज्याचा सध्याचा अधिकृत झेंडा. वर्तुळ रिकामं असेल, नुसते तारे असतील, तर तो १८६१ चा कॉन्फेडरसीचा पहिला राष्ट्रध्वज. तुम्ही सांगितलेलं वर्णन दोन्हींना लागू पडतं, त्यामुळे मुलगी आणि सहकारी या दोघांनाही मी चूक ठरवणार नाही.

हा गोंधळ कुणाच्या अज्ञानातून आलेला नाही. जॉर्जियाचा आजचा झेंडा त्या जुन्या राष्ट्रध्वजावरूनच बेतलेला आहे. आणि ‘कॉन्फेडरेट झेंडा’ असं आपण एकवचनात म्हणतो, तसा एकच झेंडा कधी नव्हता. चार वर्षांत तीन राष्ट्रध्वज झाले, पलटणींची निशाणं निराळी, आरमाराची निराळी. हे एकदा नीट लावून घेतलं की ओळख सोपी जाते, म्हणून थोडं मागे जाते.

गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं १८६०-६१ च्या हिवाळ्यात संघराज्यातून फुटू लागली. फुटणारी राज्यं शेवटी ११ झाली. पहिल्या ७ राज्यांनी अलाबामातल्या माँटगोमेरी इथे आपलं सरकार, म्हणजेच कॉन्फेडरसी, मांडलं आणि ४ मार्च १८६१ ला, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये लिंकनचा शपथविधी होत होता त्याच दिवशी, आपला झेंडा वर चढवला. तीन पट्टे, निळा चौकोन, सात तारे. यालाच ‘स्टार्स अँड बार्स’ म्हणतात. पुढे राज्यं वाढत गेली तसे तारे वाढले आणि १३ पर्यंत गेले. राज्यं ११ आणि तारे १३ कसे, असं लोक विचारतात. केंटकी आणि मिझुरी या दोन राज्यांत फुटीरांनी समांतर सरकारं उभी केली होती, कॉन्फेडरसीने त्यांनाही मोजलं.

बहुतेक लोक हे नाव तिरक्या फुलीच्या झेंड्याला लावतात. वर्तमानपत्रांतही ही चूक मी पुष्कळदा पाहिली आहे. फुलीच्या झेंड्यावर ‘बार्स’, म्हणजे आडवे पट्टे, नाहीतच. कुणी ‘स्टार्स अँड बार्स’ म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारते: फुली की पट्टे?

पहिला झेंडा मुद्दामच अमेरिकेच्या झेंड्यासारखा ठेवला होता, कारण फुटणाऱ्यांपैकी अनेकांना जुन्या झेंड्याचा लळा होता. तो सारखेपणा रणांगणात अंगाशी आला. २१ जुलै १८६१, व्हर्जिनियातल्या मनॅसस इथली यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई. दुपार कलली होती. कॉन्फेडरेट सेनापती बोरगार्ड दुर्बिणीतून एका बाजूने येणारी तुकडी पाहत होता. वारा पडलेला, झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. लाल, पांढरं, निळं एवढंच दिसत होतं. आपले की शत्रू ते कळेना. मग वाऱ्याची झुळूक आली, कापड उलगडलं आणि ते आपलेच लोक निघाले. बोरगार्डने पुढे स्वतःच ही हकिगत सांगितली. त्या काळी धुरात आणि गदारोळात पलटणीला एकत्र ठेवणारी वस्तू म्हणजे निशाण. आपल्याकडे जरीपटका पडला की फौजेचा धीर सुटत असे, हे वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. ते निशाणच ओळखू येईना म्हटल्यावर बोरगार्डने सरळ वेगळं निशाण मागितलं.

आता फुली येते. साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी विल्यम पोर्चर माइल्स यांनी फुलीचा नमुना राष्ट्रध्वजासाठी आधीच सुचवला होता. ध्वज समितीचे अध्यक्ष ते स्वतःच होते, तरी समितीने तो नाकारला. एक सदस्य तर म्हणाला की हे पँटच्या गॅलिसच्या पट्ट्यांसारखं दिसतं. माइल्स यांचा मूळ विचार उभ्या क्रॉसचा होता. एका ज्यू नागरिकाने त्यांना कळवलं की एका धर्माची खूण साऱ्या राष्ट्राची खूण करू नका, म्हणून त्यांनी क्रॉस तिरका केला. नाकारलेला हा नमुना मनॅससनंतर सैन्याने उचलला आणि १८६१ च्या नोव्हेंबरात तो पलटणींना वाटला गेला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की ही निशाणं चौरस होती: पायदळासाठी ४८ इंच, तोफखान्यासाठी ३६ इंच, घोडदळासाठी ३० इंच. दुकानात मिळणारा आणि ट्रकच्या मागे दिसणारा लांबट झेंडा या चौरस निशाणासारखा नाही. तो आरमाराच्या १८६३ नंतरच्या निशाणाशी आणि ‘आर्मी ऑफ टेनेसी’ या कॉन्फेडरेट सैन्याने शेवटच्या काळात वापरलेल्या निशाणाशी जुळतो. आरमारी निशाणाचा निळा जरा फिका असे.

फुलीचा झेंडा स्वतंत्रपणे कॉन्फेडरसीचा राष्ट्रध्वज कधीच नव्हता. १ मे १८६३ ला दुसरा राष्ट्रध्वज आला, तेव्हा फुलीला फक्त कोपरा मिळाला आणि उरलेलं कापड पांढरं स्वच्छ. वारा नसला की तो शरणागतीचा झेंडा वाटे, म्हणून ४ मार्च १८६५ ला त्याच्या मोकळ्या कडेला लाल उभा पट्टा जोडला. महिनाभरात युद्ध जवळजवळ संपलं, त्यामुळे त्या काळात शिवलेले तिसऱ्या प्रकारचे झेंडे फार थोडे.

एवढ्यावरून ओळखीचा क्रम असा बसतो. रंग बघू नका, मांडणी बघा: पट्टे आहेत, फुली आहे, की पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्यात फुली. मग कापड चौरस की लांबट. तारे शेवटी मोजा. माझ्याकडे नव्याने शिकायला येणारी मुलं नेहमी ताऱ्यांपासून सुरुवात करतात आणि अडकतात, कारण १३ तारे बेट्सी रॉसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या जुन्या झेंड्यावरही गोलाकारच आहेत. तिथे पट्टे मात्र १३ आहेत, इथे ३. शिवाय लाल रंगाचा आग्रहही सोडा. कॉन्फेडरेट सेनापती हार्डीच्या तुकड्यांचं निशाण निळं होतं आणि मधोमध पांढरा गोल. ते पाहून कुणाला कॉन्फेडरसी आठवतही नाही.

आता राज्यांच्या झेंड्यांकडे येते. तुमचं राज्य यात सगळ्यांत गुंतागुंतीचं आहे.

१८७९ मध्ये जॉर्जियाने पहिला अधिकृत झेंडा घेतला तो स्टार्स अँड बार्सवरून, फक्त तारे काढून आणि निळा रंग काठीच्या बाजूने पूर्ण उभा पट्टा करून. १९५६ मध्ये विधिमंडळाने ते आडवे पट्टे काढून तिथे फुलीचं निशाण बसवलं. साल नीट बघा: शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा, आणि त्याला विरोध करणारे ठराव जॉर्जियात १९५६ मध्येच मंजूर होत होते. अटलांटाचं ऑलिंपिक १९९६ मध्ये झालं तेव्हाही राज्याचा झेंडा हाच होता. २००१ मध्ये राज्यपाल रॉय बार्न्स यांनी तो बदलून निळा झेंडा आणला. त्यावर शिक्का आणि खाली जुन्या झेंड्यांची छोटी चित्रं होती. ध्वज अभ्यासकांच्या त्या वर्षीच्या सर्वेक्षणात ७२ झेंड्यांत तो शेवटचा आला. पुढच्या निवडणुकीत बार्न्स हरले. २००३ मध्ये आजचा झेंडा आला आणि मार्च २००४ च्या मतदानात लोकांनी २००१ च्या झेंड्याऐवजी तो पसंत केला. फुलीचा झेंडा मतपत्रिकेवर नव्हताच.

म्हणजे फुली काढायची म्हणून जॉर्जिया गेलं ते कॉन्फेडरसीच्या पहिल्या राष्ट्रध्वजाकडेच. फुली सगळ्यांना ओळखू येते, पट्टे फारसे कुणाला नाहीत. माझं मत विचाराल तर मला हा तोडगा पटलेला नाही, आणि माझ्या कामातल्या अनेकांना पटलेला नाही. पण म्हणून तो झेंडा लावणारा प्रत्येक माणूस कॉन्फेडरसीची पाठराखण करतो असं ठरत नाही. तो शाळांवर, पोलीस चौकीवर फडकतो. त्यावरचे १३ तारेही आज मूळच्या १३ वसाहतींचे म्हणून सांगितले जातात, आणि जॉर्जिया त्यांपैकी एक होतंच.

बाकीची राज्यं भराभर सांगते, मुलीच्या तक्त्याला उपयोग होईल. मिसिसिपीच्या झेंड्याच्या कोपऱ्यात १८९४ पासून फुली होती. २००१ मध्ये मतदारांनी ती ठेवली, जून २०२० मध्ये विधिमंडळाने काढली, त्याच नोव्हेंबरात मतदारांनी मॅग्नोलियाच्या फुलाचा झेंडा स्वीकारला आणि जानेवारी २०२१ पासून तो अधिकृत आहे. त्यामुळे २०२१ च्या आधी छापलेला कुठलाही तक्ता इथे चुकणार. युटा आणि मिनेसोटा यांनीही २०२४ मध्ये नवे झेंडे आणले, म्हणून जुना अ‍ॅटलस समोर ठेवून चित्रं काढू नका.

अलाबामाचा १८९५ चा झेंडा पांढऱ्यावर किरमिजी तिरकी फुली, ना तारे ना निळा. कायद्यात कॉन्फेडरसीचं नाव नाही, तरी त्या काळाकडे पाहता अनेक अभ्यासक नातं मानतात. फ्लोरिडाचा जवळजवळ तसाच, फक्त मधोमध राज्याचा शिक्का. आर्कान्सॉच्या झेंड्यात फुली नाही, मधे हिऱ्याचा आकार आहे. पण त्यात नावाच्या वर जो एकटा निळा तारा आहे तो १९२० च्या दशकात कॉन्फेडरसीसाठी म्हणूनच जोडला गेला. लाल-निळ्या टेनेसीवर लोक उगीच संशय घेतात. मधल्या गोलातले तीन तारे राज्याच्या पूर्व, मध्य आणि पश्चिम अशा तीन भागांचे. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायना यांत गल्लत झाली तर अक्षरं शोधा. नॉर्थ कॅरोलायनाच्या निळ्या पट्ट्यात ताऱ्याच्या दोन बाजूंना एन आणि सी आहे, वर-खाली दोन तारखाही आहेत.

मेरीलँडचं उदाहरण मला फार आवडतं. पिवळा-काळा भाग कॅल्व्हर्ट घराण्याचा आणि लाल-पांढरा क्रॉस क्रॉसलँड घराण्याचा. युद्धात दक्षिणेकडे झुकलेले मेरीलँडर ते लाल-पांढरे रंग मिरवत. युद्धानंतर दोन्ही बाजूंचे रंग एकाच कापडात आले आणि १९०४ मध्ये तोच राज्याचा झेंडा झाला. ओहायो एका नजरेत कळतो, आपल्या भगव्यासारखी त्याला दोन टोकं आहेत. आणि साउथ कॅरोलायना: विधानभवनावर १९६० च्या दशकापासून फुलीचा झेंडा फडकत असे म्हणून तो त्या राज्याचा झेंडा असं अनेकांना वाटतं. राज्याचा झेंडा निळा, त्यावर पांढरं पाल्मेटोचं झाड आणि चंद्रकोर. फुलीचा झेंडा २००० मध्ये घुमटावरून आवारातल्या स्मारकापाशी आला. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये वर्णद्वेषी हल्लेखोराने ९ जणांचा जीव घेतल्यानंतर, १० जुलै २०१५ ला, तोही काढला.

उलट बाजूची चूकही होते. २०२० मध्ये मिशिगनमधल्या एका छोट्या अतिथिगृहाने नॉर्वेचा झेंडा लावला होता. लोकांनी तो कॉन्फेडरेट समजून इतके फोन आणि ईमेल केले की मालकांनी तो उतरवला. लाल कापड, निळा क्रॉस, पांढरी किनार हे सगळं आहे, पण नॉर्वेचा क्रॉस सरळ आहे आणि तारे नाहीत. मी म्हणाले ना, मांडणी आधी.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय की गराज सेलमध्ये ‘युद्धातला मूळ झेंडा’ म्हणून काही विकायला असेल तर ओळखायचा कसा. दोन वर्षांपूर्वी एक वयस्कर गृहस्थ उशीच्या अभ्र्यात गुंडाळून असा एक झेंडा घेऊन आले. पणजोबांनी गेटिसबर्गला धरलेला, असं घरात सांगत आले होते. मी तो पांढऱ्या कागदावर पसरला. आकार तीन फूट बाय पाच फूट, हा आजच्या बाजारातला ठरलेला आकार. काठीच्या बाजूला पितळेच्या दोनच रिंगा. तारे झिगझॅग टाक्याने बसवलेले. साधी शिलाई यंत्रं १८६० मध्ये होती, म्हणून नुसता मशीनचा टाका काही ठरवत नाही, पण झिगझॅग टाका दिसला की मी ते दशक सोडून देते. अतिनील दिव्याखाली दोरा निळसर पांढरा चमकला. तो पुरावा एकट्याने पुरत नाही, कारण जुनं कापडही आजच्या साबणाने धुतलं तर चमकतं. मात्र इथे कापड काळं राहिलं आणि दोराच चमकला. शेवटी कडेला कापलेल्या लेबलाचा दोन बोटं रुंद तुकडा टाक्यात अडकलेला सापडला. त्यांना सांगताना मला वाईट वाटलं. पणजोबा खोटे नव्हते, त्यांचं नाव पलटणीच्या हजेरीपटात होतं. झेंडा मात्र पुढे कुणीतरी विकत आणलेला होता. तेव्हा असं काही दिसलं तर पैसे देण्याआधी फोटो काढा: कोपरे, टाके, काठीची कड, आणि मागची बाजू. कापडाचा धागा जाळून बघायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, खरा निघाला तर तुम्ही तोच खराब कराल.

आता शेजाऱ्यांचं. इथे माझा अनुभव कापडापुरता थांबतो आणि बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. वर्तुळात राज्यचिन्ह असेल तर विषय संपला, त्यांनी आपल्या राज्याचा झेंडा लावला आहे. वर्तुळ रिकामं असेल तर तो झेंडा चुकून येत नाही, तो शोधून विकत घ्यावा लागतो. असे लोक मी तीन प्रकारचे पाहिले आहेत: युद्धाच्या इतिहासाचे छंदिष्ट, पूर्वज सैन्यात असलेले, आणि फुलीचा झेंडा लावला तर लोक बोलतील म्हणून हा लावणारे. दारावरून हे तिन्ही सारखेच दिसतात. घटनेने त्यांना आपल्या घरावर तो लावायचा हक्क आहे. तुमच्या वसाहतीची असोसिएशन असेल तर तिचे नियम वेगळे असू शकतात, ते कागद बघा.

कुटुंबाची आठवण म्हणून झेंडा जपणाऱ्यांशी मी रोज बोलते आणि त्यांची आठवण खोटी आहे असं कधी म्हणत नाही. पण तो झेंडा ज्या सरकारसाठी शिवला, त्याचा पाया काय होता हे जॉर्जियाच्याच माणसाने सांगून ठेवलं आहे. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हाना इथे म्हणाले होते की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे, हीच या सरकारची कोनशिला. तुमच्या गल्लीतल्या काळ्या कुटुंबाला तो झेंडा बघून जे वाटतं ते याच वाक्यातून आलेलं आहे. म्हणून मी ‘वारसा’ एवढा शब्द ऐकून थांबत नाही, कुणाचा वारसा ते विचारते.

तुम्ही मात्र आरोपाने सुरुवात करू नका. नवीन माणूस म्हणून तुमच्याकडे एक सोय आहे, तुम्ही खरोखर विचारू शकता. “मुलगी झेंड्यांचा तक्ता करतेय, तुमचा कोणता?” एवढंच. राज्याचा असेल तर ते आनंदाने सांगतील, जुना असेल तर उत्तराच्या सुरातच पुष्कळ कळेल. नाही विचारावंसं वाटलं तरी चालेल, त्यात भित्रेपणा नाही.

आणि आधी फोटो घ्या. वारा असेल तेव्हा, कापड पूर्ण उलगडलेलं असताना, रस्त्यावरूनच. लोंबता झेंडा बघून बोरगार्डलाही काही कळलं नव्हतं. तक्त्यासाठी मुलीला सांगा की तीन खांब आणि कमान आधी पेन्सिलीने काढ, मग भोवती १३ तारे, सगळ्यात शेवटी लाल रंग. तारे आधी काढले तर खांबांना जागा उरत नाही.